झाडाचा तास

वाठोरे सरांना झटका आला तेव्हा ते वर्गात नव्हते. लातुरातल्या घरी बेसिनसमोर दाढी करत होते. एका गालावरचा साबण तसाच राहिला, रेझर खाली पडला आणि उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबायला लागला. आवाज ऐकून दिपाली धावत आली. सरांनी मुलीकडं बघितलं, काही सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर जे आलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. आपण नीट सांगितलंय असं मात्र सरांना वाटत होतं. सांगूनही ही काही करत नाही म्हणून ते चिडले.

दवाखान्यात डॉक्टरांनी स्क्रीनवर मेंदूचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला, ज्या भेगेला सिल्व्हियन फिशर म्हणतात, तिच्या आसपास रक्त पोचलं नव्हतं. बोलणं आणि बोललेलं समजणं, दोन्ही त्याच भागात असतं, असं ते म्हणाले. दिपालीची आई सिंधु पदर तोंडाला लावून ऐकत होती. दिपालीच्या डोक्यात त्याही वेळी आपसूक उत्तर उमटलं: सिल्वा म्हणजे रान. तिला स्वतःचीच लाज वाटली. पुढं कधीतरी तिनं वाचलं की ती भेग एका जुन्या डॉक्टरच्या नावानं ओळखली जाते, आणि त्या डॉक्टरचं नाव मुळात रानावरूनच आलेलं होतं.

ही सवय तिला सरांनीच लावली होती. आनंदराज वाठोरे लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवायचे. ते मूळचे किनवटच्या जंगलपट्टीतले. त्यांचे वडील वनखात्याच्या तोडीवर मजुरीला जायचे. सर निवासी शाळेत शिकले आणि तिथं इंग्रजीनं त्यांचा जीव काढला. पुस्तकातला एकेक शब्द म्हणजे सागाचा ओंडका. मग एका सुट्टीत त्यांनी वडिलांना लाकूड फोडताना नीट बघितलं. वडील कुठंही घाव घालत नसत. आधी लाकूड फिरवून चीर कुठं आहे ते बघत, आणि कुऱ्हाड तिथंच टाकत. इंग्रजी शब्दालाही अशी चीर असते, हे सरांना कॉलेजात कळलं. डेंड्रॉन म्हणजे झाड, हे ग्रीक. आर्बर म्हणजेही झाड, पण ते लॅटिन. एवढं कळलं की डेंड्रॉलॉजी, आर्बोरियल, रोडोडेंड्रॉन हे सगळे शब्द फोडता येतात. मेंदूतल्या पेशीला फांद्या फुटलेल्या असतात, म्हणून त्या फांदीलाही डेंड्राइट म्हणतात.

दर वर्षी नवी बॅच सुरू झाली की सर एक तास फक्त याला द्यायचे. मुलं त्याला झाडाचा तास म्हणत. सर टेबलावर डस्टर आपटायचे आणि विचारायचे, "डेंड्रॉन म्हणजे?" शेकडो मुलं एका आवाजात, "झाड." पुन्हा डस्टर. "आर्बर म्हणजे?" "झाड." "सिल्वा म्हणजे?" "रान." झायलॉन आणि लिग्नम, दोन्ही लाकूड. फ्लोइओस आणि कॉर्टेक्स, साल. ऱ्हायझा आणि रॅडिक्स, मूळ. फायलॉन आणि फोलियम, पान. शेवटी "डेसिडेरे म्हणजे?" "गळून पडणं." पानझडीच्या झाडांना डेसिड्युअस का म्हणतात, ते इथं सुटायचं. क्रम ठरलेला, ठेका ठरलेला. डॉक्टर होऊन पुण्या-मुंबईला गेलेली पोरं रस्त्यात भेटली की नमस्काराच्या आधी "ऱ्हायझा म्हणजे मूळ, सर" म्हणायची.

दिपालीही त्या तासाला बसली होती, सगळ्यांसारखी, सरांना 'सर' म्हणत. तिला डॉक्टर होता आलं नाही. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं. नंतर बी.एस्सी. केलं आणि त्याच क्लासच्या डाउट काउंटरला बसू लागली. अडलेली मुलं यायची, ती त्यांची गणितं आणि आकृत्या सोडवून द्यायची. घरी आली की सर पुन्हा पप्पा व्हायचे.

झटक्यानंतर कित्येक दिवस सरांच्या तोंडून फक्त "ते... ते..." निघायचं. पाणी हवं असलं तरी ते, उशी सरकवायची असली तरी ते. आई अंदाजानं द्यायची, चुकायची, आणि सर तोंड फिरवून घ्यायचे.

पहिला शब्द दवाखान्यातच आला. दुपारी दिपाली कॉटजवळ बसून फोनवर एका मुलीचा डाउट सोडवत होती. मुलीला शब्दांची मुळं आठवत नव्हती. दिपाली म्हणाली, "अगं, पहिल्यापासून म्हण ना. डेंड्रॉन म्हणजे?"

"झाड," कॉटवरून आवाज आला.

स्वच्छ, नेहमीचा. दिपालीच्या हातातला फोन तसाच राहिला. तिनं वळून बघितलं. सर छताकडं बघत होते.

"आर्बर म्हणजे?" तिनं विचारलं.

"झाड."

"सिल्वा म्हणजे?"

"रान."

शेवटपर्यंत एकही चुकलं नाही. आई डबा घेऊन आली तेव्हा दिपालीनं सगळं पुन्हा म्हणवून दाखवलं. आई डबा हातात धरूनच खाली बसली. "बोलून राहिले," ती म्हणाली. "दिपे, तुझे पप्पा बोलून राहिले." संध्याकाळी तिनं अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. झाडूवाल्या मावशींनाही दिले.

घरी आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोघी सरांना नांदेडला एका वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमकडं घेऊन गेल्या. वजिराबादेत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर सुकन्या मॅडमची खोली होती. आई खाली मेडिकलमध्ये गोळ्या आणायला थांबली. दिपालीनं मोठ्या उत्साहानं झाडाचा तास म्हणवून दाखवला. सरांनी सगळी उत्तरं दिली. मॅडमनी मान हलवली, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावर चित्रांची चार कार्डं मांडली: कप, खुर्ची, झाड, गाय.

"सर, यातलं झाड कुठंय?"

सरांनी कार्डांवरून नजर फिरवली. डावा हात उचलला आणि कपावर ठेवला.

"झाड दाखवा, सर."

सरांनी कपावर बोट दाबलं. समजलं ना आता, अशा चेहऱ्यानं त्यांनी मॅडमकडं बघितलं.

मॅडमनी कार्डं गोळा केली. "हे पाठ झालेलं आहे," त्या दिपालीला म्हणाल्या. "आरती येते, पाढे येतात, तसं. ते मेंदूच्या वेगळ्या वाटेनं येतं. ते येतंय याचा आनंद आहेच, पण त्याला बोलणं समजू नका. घरातल्या वस्तूंपासून सुरू करा. पाणी, तांब्या, भाकरी, तुमची नावं. वस्तू हातात द्या आणि नाव सांगा. चुकेल, चिडतील. तरी जे येत नाही तेच करायचं. आणि आत्ताच करायचं, पहिले काही महिने फार महत्त्वाचे असतात. आता बसमधून जाताना बाहेरचं दाखवत जा. हे झाड, ही म्हैस, असं."

जिना उतरताना आईनं विचारलं, "काय म्हणल्या मॅडम?"

"प्रॅक्टिस चालू ठेवा म्हणाल्या," दिपाली म्हणाली.

हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. आईच्या हातात गोळ्यांची पिशवी होती आणि चेहऱ्यावर पेढे वाटले तेव्हाचा तजेला अजून होता. आज नको, घरी गेल्यावर सांगू, असं दिपालीनं ठरवलं. परतीच्या बसमध्ये सरांना झोप लागली. तिनं त्यांना उठवलं नाही.

घरी तिनं प्रयत्न केला, नाही असं नाही. तांब्या सरांच्या हातात दिला. "पप्पा, तांब्या." सर म्हणाले, "ते." "तांब्या म्हणा." "ते... ते..." चार-पाच वेळा झाल्यावर सरांनी तांब्या भिरकावला. सगळीकडं पाणी झालं आणि सर डावा हात डोळ्यांवर धरून रडायला लागले. आई स्वयंपाकघरातून आली आणि पाणी पुसायच्या आधी तिनं घाईघाईनं विचारलं, "अहो, डेंड्रॉन म्हणजे?"

"झाड," सर म्हणाले आणि रडायचे थांबले.

"बघ," आई म्हणाली. "हे येतंय ना, तर हेच घे. काहून छळून राहिली त्यांना?"

दिपालीनं तांब्या जागेवर ठेवला. लातुरात अभ्यासाची एक रीत आहे, आणि डाउट काउंटरवर तीही मुलांना तेच सांगायची: येतंय ते आधी पक्कं करा. येणाऱ्या प्रश्नाचे मार्क सोडायचे नाहीत आणि न येणाऱ्या प्रश्नावर वेळ घालवायचा नाही. याच रीतीनं या गावातली हजारो पोरं पुढं गेली. त्या घरातही तेच सुरू झालं. रोज सकाळ-संध्याकाळ झाडाचा तास. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण महिनाभरात तिला सगळी ग्रीक-लॅटिन मुळं पाठ झाली. मेथी निवडताना ती विचारायची, "ऱ्हायजा म्हणजे?" शेजारच्या गुणाबाई दारातून म्हणायच्या, "सिंधुताई, आता तुम्हीच क्लास काढा. आमच्या नातवाला पहिलं ॲडमिशन द्या." आई हसायची. किती दिवसांनी हसत होती ती.

मधेच क्रम सोडून विचारलं तर काय होतं, ते दिपालीनं एकदा करून बघितलं होतं. "फोलियम म्हणजे?" सर म्हणाले, "झाड." कुठूनही विचारा, गाडी पहिल्या स्टेशनावरूनच सुटायची. म्हणून ती क्रम मोडू देत नसे. बघायला येणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नसे. ते म्हणायचे, सर एकदम ओके झाले की.

एका दुपारी आई बाजारात गेली होती. सर खुर्चीत बसले होते. दिपाली त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"पप्पा, मी कोण?"

सर बघत राहिले. नजर ओळखीची होती, मायेचीसुद्धा, पण शब्द नव्हता.

तिनं बाजूची स्टीलची ताटली ओढली आणि तिच्यावर चमचा आपटला, डस्टर आपटावा तसा. "दिपाली म्हणजे?"

"झाड," सर लगेच म्हणाले, आणि शाबासकीसाठी तिच्याकडं बघितलं.

तिला हसू आलं. "बरोबर," ती म्हणाली. मग ताटली घेऊन आत गेली आणि धुतलेलीच ताटली पुन्हा धुवत बराच वेळ नळापाशी उभी राहिली. त्या रात्री आईला सगळं सांगायचं तिनं ठरवलं. रात्री आई सरांच्या उशाशी बसून म्हणाली, "हे नीट बोलायला लागले ना, की किनवटला जाऊन येऊ. नागुबाईला बघायचंय लेकाला. मी फोनवर सांगून टाकलंय, दिवाळीला तुमच्याशी बोलतील म्हणून." नागुबाई म्हणजे सरांची आई. दिपाली दिवा बंद करून झोपायला गेली.

मग संगप्पा सर आले. क्लास त्यांचा. ते स्वतः फिजिक्स शिकवायचे. निलंग्याकडचे, बोलायला मोकळे, आणि वाठोरे सरांवर त्यांचा खरा जीव होता. त्यांनी येताना सफरचंदं आणली आणि खुर्ची ओढून सरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

"काय म्हणता, सर? कधी येता वर्गावर?"

"ते," सर म्हणाले.

आईनं लगेच सुरुवात केली. डेंड्रॉनपासून डेसिडेरेपर्यंत. संगप्पा सर ऐकत गेले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अहो वहिनी, सर तर मस्त बोलायलेत की. मला कुणी सांगितलंच नाही." त्यांनी रुमाल काढला. "पुढच्या आठवड्यात नवी बॅच बसायली. झाडाचा तास सरच घेतील."

"सर, अजून तब्येत..." दिपाली म्हणाली.

"तू जवळ उभी राहा ना, बाळा. तू विचार, सर सांगतील. दहा मिनिटं फक्त. पोरं बघून त्यांना किती बरं वाटंल. आणि खरं सांगू का, मलाही वाटंल. सरांच्या वर्गातला तो कोरा फळा बघितला की कसंतरी होतंय मला."

"पण सर, सुकन्या मॅडम म्हणाल्या होत्या..."

"काय म्हणल्या होत्या?" आईनं विचारलं.

दोघंही तिच्याकडं बघत होते. सरही बघत होते.

"दमायचं नाही म्हणाल्या होत्या," दिपाली म्हणाली.

"दमू कशाला देतोय मी," संगप्पा सर म्हणाले. "एसी हाय, खुर्ची हाय."

दोन दिवसांत चौकात फ्लेक्स लागला. सरांचा जुना फोटो, हातात डस्टर, खाली मोठ्या अक्षरात: सर परत येत आहेत. आईनं त्याचा मोबाइलवर फोटो काढून किनवटला पाठवला.

त्या दिवशी हॉल गच्च भरला होता. नवी मुलं, गणवेशाचा नवा कोरा वास, मांडीवर वह्या. मागं भिंतीला टेकून काही जुनी, दुसऱ्यांदा परीक्षा देणारी मुलं उभी होती. आई पहिल्या रांगेत इस्त्रीची साडी नेसून बसली होती. दिपालीनं सरांना हाताला धरून स्टेजवर आणलं, खुर्चीत बसवलं. संगप्पा सरांनी त्यांच्या डाव्या हातात डस्टर दिला. सरांनी डस्टरकडं बघितलं, उलटा करून सरळ केला. तो कसा धरायचा ते त्यांच्या हाताला माहीत होतं.

दिपालीनं माइक घेतला. "डेंड्रॉन म्हणजे?"

सरांनी डस्टर टेबलावर आपटला. "झाड."

"आर्बर म्हणजे?" "झाड." "सिल्वा म्हणजे?" "रान." मागची मुलं सरांच्या आवाजात आवाज मिसळू लागली, मग पुढचीही. मूळ, मूळ, पान, पान. "डेसिडेरे म्हणजे?" "गळून पडणं." टाळ्यांनी हॉल दणाणला. संगप्पा सरांनी स्टेजवरच वाकून सरांच्या पायाला हात लावला. आई टाळ्या वाजवत नव्हती. ओठ हलवत होती. सरांबरोबर तिनंही सगळं म्हटलं होतं.

इथं स्टेजवरून उतरायला हवं होतं. दिपाली सरांच्या काखेत हात घालायला वाकली, तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. बारीक, तेल लावून घट्ट वेणी घातलेली.

"सर, मी पुनम. हिमायतनगरची."

"बोल, बेटा," संगप्पा सर कौतुकानं म्हणाले.

"सर, आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, मोहाची झाडं हायत. तर दोन्हीचा अर्थ झाडच हाय, मग मोहाला डेंड्रॉन म्हणायचं का आर्बर? कोणतं कुठं वापरायचं, म्हणजे..."

चांगला प्रश्न होता. सरांना आवडला असता. अशा प्रश्नावर ते पूर्वी अर्धा तास बोलले असते. सर मुलीच्या तोंडाकडं बघत होते. आई पुढं झुकली होती, तळवे गुडघ्यांवर. ती उत्तराची वाट बघत होती, हे दिपालीला दिसलं.

"म्हणजे?" पुनमनं धीर करून पुन्हा म्हटलं.

सरांनी डस्टर आपटला. "झाड," सर म्हणाले.

मुलं हसली, प्रेमानंच. संगप्पा सरही हसले. पण डस्टर पुन्हा आपटला गेला. "झाड." पुन्हा. "रान." कुणी काही विचारत नव्हतं. "लाकूड. लाकूड. साल. साल." मुलांना वाटलं तास पुढं चालू झाला. ती सरांच्या मागून म्हणू लागली. "मूळ. मूळ. पान. पान. गळून पडणं." आणि न थांबता, "झाड."

दिपालीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. तो हात तिच्या हातासकट टेबलावर आपटत राहिला. सरांच्या कपाळावर घाम आला होता, डोळ्यांत भीती होती. थांबावंसं त्यांना वाटत होतं आणि थांबता येत नव्हतं. हॉलभर पोरं आनंदानं ओरडत होती. पुनम अजून उभीच होती, उत्तर न मिळाल्यासारखी.

दुसऱ्या फेरीत आईचे ओठ हलायचे थांबले. ती उठली. पदर खोचून स्टेजची पायरी चढली, सरांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या मुठीतून डस्टर सोडवून घेतला. एकेक बोट उघडून.

"बास," ती म्हणाली. "पाणी प्या."

ठेका तुटला तसा आवाजही तुटला. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. संगप्पा सरांनी माइक ओढून घेतला आणि सर दमलेत, त्यांच्यासाठी पुन्हा एकदा टाळ्या, असं काहीतरी म्हणाले.

घरी आल्यावर आईनं सरांना कपडे बदलून दिले, कॉटवर निजवलं, आणि बाहेरच्या खोलीत येऊन दिपालीसमोर बसली.

"तुला ठाव होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"नांदेडला गेलो होतो तेव्हापासून."

आईनं साडीचा काठ मुठीत धरला. "मॅडम काय म्हणल्या होत्या? खरं सांग."

दिपालीनं सांगितलं. कार्डं, कप, पाठ झालेली वाट, तांब्या, पहिले काही महिने. काही लपवलं नाही. सांगताना तिचा आवाज डाउट काउंटरवरच्यासारखा सरळ येत होता, आणि तो तसा येतोय याचाच तिला राग येत होता.

"मंग काहून न्हाई सांगितलंस?"

"उत्तरं बरोबर येत होती," दिपाली म्हणाली.

आईनं मान डोलावली, जणू हे तिला समजलं. तिच्या लेकीला हे सोडून दुसरं काही कुणी शिकवलंच नव्हतं. घरातही नाही. थोड्या वेळानं ती उठली, तांब्या भरून सरांच्या खोलीत गेली. दिपाली मागून गेली, तशी आईनं हात आडवा धरला.

"तू नको. मी विचारते."

दारातून दिपालीला ऐकू येत होतं. "अहो, हा तांब्या. तांब्या." "ते." "तांब्या." "ते... ते..." या वेळी काही भिरकावल्याचा आवाज आला नाही. सर दमले असावेत.

चौकातला फ्लेक्स दोन-तीन दिवस राहिला, मग त्यावर एका मंगल कार्यालयाचा फ्लेक्स लागला. झाडाचा तास आता क्लासमध्ये कुणी घेत नाही. पण मुलांनी त्या दिवशी ऐकलेलं पाठ करून टाकलंय. दिपाली काउंटरवर बसलेली असली की जिन्यावरून चढता-उतरता पोरांचं ऐकू येतं: साल, साल, मूळ, मूळ. पुनम एकदा काउंटरला आली होती. तोच प्रश्न घेऊन. दिपालीनं समजावून सांगितलं की ग्रीक मूळ ग्रीक शब्दांना जुळतं आणि लॅटिन लॅटिनला. मोह दोन्हींतला नाही, त्याचं त्याचं नाव आहे. पुनमनं ते लिहून घेतलं.

नंतर तिघं पुन्हा नांदेडला गेले. या वेळी आई खोलीत बसली, शेवटपर्यंत. सुकन्या मॅडमनी कार्डं मांडली आणि झाड दाखवायला सांगितलं. सरांनी आधी खुर्चीवर बोट ठेवलं, मग गाईवर. मॅडमनी विचारलं, घरच्या शब्दांचा सराव किती झाला. दिपाली म्हणाली, नाही झाला. आत्ता सुरू केलाय. मॅडमनी कार्डं एकावर एक ठेवून नीट जुळवली. "करत राहा," त्या म्हणाल्या. "थोडंफार येतं उशिरानंही." आईनं विचारलं, थोडंफार म्हणजे किती. मॅडम म्हणाल्या, ते सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये आईनं सरांना खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. दिपालीला मागची सीट मिळाली. गाव सुटल्यावर आईनं खिडकीची काच सरकवली आणि सरांना दाखवायला सुरुवात केली. म्हैस. ट्रॅक्टर. माणूस. झाड दाखवायचं तिच्या मनात होतं, पण रस्ता रुंद करताना दोन्ही कडांची जुनी झाडं गेली होती. मधल्या दुभाजकात कण्हेरीची रोपं होती, धुळीनं पांढरी झालेली. लोहा गावाच्या पुढं एका ढाब्यामागं एक मोठा कडुलिंब उभा होता. आईला तो लांबूनच दिसला.

"ते बघा. झाड. लिंबाचं झाड हाय, बघा."

सरांनी बघितलं. तिच्या बोटाकडं.

"तिकडं, तिकडं बघा."

बस वेगात होती. लिंब जवळ आला, खिडकीतून सरकला, मागं गेला. सर अजून बोटाकडंच बघत होते, लक्ष देऊन, चांगल्या विद्यार्थ्यासारखे. आईनं बोट खाली घेतलं नाही. पुढं मैलोनमैल नुसती सोयाबीनची शेतं होती, तरी ती तसंच धरून बसली.